एका चावीच्या पोटात दोन चाव्या

गाडीच्या रिमोट चावीच्या कडेला एक बारीक फट असते. तिथे सपाट स्क्रूड्रायव्हर घालून हलकेच पीळ दिला की चावी उघडते. आत हिरवं सर्किट दिसतं, बटणांखालच्या चकत्या दिसतात, एक चपटा गोल सेल दिसतो आणि अनेक फ्लिप चाव्यांमध्ये कोपऱ्यातल्या खाचेत बसवलेला सेंटिमीटरभर लांबीचा काळा तुकडा दिसतो. त्याला ना वायर, ना सेल. सुटा पडला तर प्लास्टिकचा कपचा समजून कुणीही केरात टाकेल. आणि टाकतातच! चावीचं कव्हर तुटलं म्हणून ऑनलाइन नवं मागवलं जातं, सर्किट उचलून त्यात बसवलं जातं, जुनं कव्हर फेकलं जातं. नव्या कव्हरातल्या चावीने दरवाजे झोकात उघडतात. गाडी मात्र स्टार्ट होत नाही, कारण काळा तुकडा जुन्या कव्हराबरोबर घंटागाडीत गेलेला असतो.

तो तुकडा म्हणजे ट्रान्सपॉन्डर चिप. काही चाव्यांमध्ये ती सर्किटवरच असते, काहींमध्ये अशी वेगळी. पण काम दोन्हीकडे तेच, आणि रिमोटच्या कामापेक्षा पूर्ण निराळं. म्हणजे आपण जिला एक चावी म्हणतो तिच्या पोटात दोन चाव्या असतात: एक दरवाजा उघडणारी, दुसरी इंजिनाला परवानगी देणारी. एवढं लक्षात ठेवलं तर चावीच्या निम्म्या तक्रारी घरबसल्या ओळखता येतात.

पहिली चावी म्हणजे रिमोट. ही सेलवर चालते आणि रेडिओ लहरी सोडते, भारतात आणि युरोपात बहुतेक ४३३.९२ मेगाहर्ट्झवर, अमेरिकेत आणि जपानमध्ये ३१५ मेगाहर्ट्झवर. म्हणूनच ऑनलाइन स्वस्तात मिळालेली, दिसायला हुबेहूब असलेली परदेशी चावी आपल्या गाडीला चालेलच असं नाही. कव्हर तेच, बटणं तीच, फ्रिक्वेन्सी वेगळी. मग कितीही प्रोग्रॅमिंग केलं तरी गाडीला तिचं ऐकूच येत नाही.

दुसरी चावी म्हणजे चिप. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तांब्याच्या तारेचं एक वेटोळं असतं. आपण चावी फिरवली की ते साधारण १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार करतं, त्यातूनच चिपला वीज मिळते आणि ती गाडीच्या प्रश्नाला उत्तर देते. उत्तर बरोबर आलं तर इंजिनाचा संगणक पेट्रोल सोडतो. चुकलं तर सेल्फ फिरत राहतो, इंजिन काही धरत नाही. किंवा क्षणभर धरून बंद पडतं. डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चित्र लुकलुकायला लागतं. ही सगळी यंत्रणा म्हणजे इमोबिलायझर.

आठ वेळा किल्ली फिरवा

थोडा इतिहास, झरझर. १९८० साली फोर्डने अमेरिकेत काही महागड्या गाड्यांच्या दारावर पाच बटणांचा कीपॅड बसवला. आकडे दाबा, दार उघडा. १९८२ मध्ये फ्रान्सच्या रेनॉने फ्युएगो या गाडीला हातात धरायचा रिमोट दिला. तो पॉल लिपशुट्झ यांच्या शोधावर आधारलेला होता. १९८६ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटची चावी तर फारच गमतीची. तिच्या पात्यात एक छोटा विद्युतरोध बसवलेला असे आणि असे फक्त १५ प्रकार होते. चोराने १५ चाव्यांचा जुडगा बाळगला की झालं? नाही. एक चावी चुकली की गाडी काही मिनिटं हटूनच बसायची. भर रस्त्यात कुणाच्या तरी गाडीत बसून अशी मिनिटं मोजायची हिंमत कोण करणार?

चिपवाला इमोबिलायझर आला नव्वदच्या दशकात. युरोपीय संघात ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा झाला, कॅनडात २००७ मध्ये. अमेरिकेत सक्ती झालीच नाही. त्याची किंमत तिथे २०२१ नंतर दिसली. किया आणि ह्युंदाई यांच्या ज्या मॉडेलांमध्ये इमोबिलायझर नव्हता ती चोरायची युक्ती टिकटॉकवर पसरली. इग्निशनचं कव्हर उपटायचं आणि यूएसबी केबलच्या टोकाने खुंटी फिरवायची, बस्स. मिलवॉकीपासून एकेका शहरात चोऱ्यांची लाट आली आणि २०२३ मध्ये दोन्ही कंपन्यांनी सुमारे २० कोटी डॉलरच्या भरपाईला तयारी दाखवली. शेजारच्या कॅनडात त्याच गाड्या या युक्तीला दाद देत नव्हत्या. केरात जाणाऱ्या त्या काळ्या तुकड्याची खरी किंमत ही आहे.

अमेरिकेतल्या जुन्या फोर्ड गाड्यांना नवा रिमोट शिकवायला यंत्र लागत नसे. दहा सेकंदांच्या आत किल्ली ‘ऑफ’वरून ‘रन’वर आठ वेळा फिरवायची. गाडी सगळी कुलपं खटाखट लावून-उघडून दाखवायची, म्हणजे ‘शिकायला तयार’. मग प्रत्येक रिमोटचं एकेक बटण दाबायचं. यात एक मेख होती: घरातले सगळे रिमोट त्याच बैठकीत दाबावे लागत, कारण नवी नोंद सुरू झाली की जुनी पुसली जायची. जनरल मोटर्सच्या काही गाड्या संयमाची परीक्षा घेत. किल्ली फिरवून सुरक्षा-दिवा विझेपर्यंत सुमारे दहा मिनिटं बसा, बंद करा, पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा दहा. अर्ध्या तासाने गाडी नवी चावी मान्य करायची.

आपल्याकडे बहुतेक गाड्यांत असं काही चालत नाही. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला यंत्र जोडून, गाडीचा सुरक्षा-कोड देऊन चावीची नोंद होते. हे सर्व्हिस सेंटर करतं आणि आता मोठ्या शहरांतले चांगले चावीवालेही करतात. पण ‘नोंद करताना बाकीच्या चाव्या पुसल्या जातील’ हा नियम इथेही अनेक मॉडेलांना लागू आहे. म्हणून प्रोग्रॅमिंगला जाताना घरातली प्रत्येक चावी बरोबर न्यायचीच. एक नेऊन दुसरी घरी ठेवली तर घरची चावी मुकी होऊ शकते.

आणखी एक गोष्ट, विशेषतः जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी. बऱ्याच गाड्यांत त्याच यंत्रावर दिसतं, की गाडीत एकूण किती चाव्यांची नोंद आहे. तुमच्या हातात दोन आणि स्क्रीनवर तीन असतील, तर तिसरी कुणाच्या तरी खिशात आहे. ती लगेच पुसून घ्या. आरसी बुक नावावर करून घेण्याइतकंच हे काम महत्त्वाचं आहे, असं माझं ठाम मत आहे.

ज्या जुन्या गाड्यांना कंपनीचं सेंट्रल लॉकिंग नव्हतं, त्यांना बाहेरून बसवलेल्या सिस्टिमचा मामला वेगळा. या बाजारात नाशिकच्या ऑटोकॉपचं नाव महाराष्ट्रात घरोघरी माहीत होतं. अशा रिमोटची नोंद गाडीच्या संगणकात नसते, सिस्टिमच्या स्वतःच्या डबीत असते. त्यामुळे सर्व्हिस सेंटरचं यंत्र लावून काही उपयोग नाही. अॅक्सेसरीवाल्याकडेच जायला हवं.

पोराने बटण शंभरदा दाबलं, आता?

रिमोट चावीमधली मला सगळ्यात आवडणारी कल्पना म्हणजे रोलिंग कोड. जुने रिमोट दरवेळी तोच संदेश पाठवत. कुणी तो रेडिओवर टिपून पुन्हा वाजवला की गाडी उघडी. मग उपाय निघाला तो असा: चावीत एक मोजणी चालू ठेवायची, प्रत्येक दाबाला आकडा एकने वाढवायचा आणि तो गुप्त किल्लीने कुलूपबंद करून पाठवायचा. एकदा वापरलेला संदेश गाडी पुन्हा स्वीकारत नाही. या पद्धतीतलं सर्वांत गाजलेलं तंत्र, कीलॉक, ऐंशीच्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या नॅनोटेक कंपनीत जन्मलं. १९९५ मध्ये अमेरिकेच्या मायक्रोचिपने ते एक कोटी डॉलरहून अधिक मोजून विकत घेतलं.

पण मग सोफ्यावर बसून पोर बटण दाबतच राहिलं तर? चावीची मोजणी पुढे गेली, गाडीची मागेच राहिली. जुळणार कशी? इथे अभियंत्यांनी मोठी माणुसकी दाखवली आहे. कीलॉकच्या नेहमीच्या रचनेत चावी १६ आकड्यांपर्यंत पुढे गेलेली असली तर गाडी काही न बोलता उघडते. त्याहून पुढे, पण सुमारे ३२ हजारांच्या आत असली तर पहिला दाब गाडी नुसता लक्षात ठेवते, लगेचचा दुसरा दाब क्रमाने आला की ओळख पटते आणि मोजणी पुन्हा जुळते. म्हणून शंभर दाबांनी काही बिघडत नाही. गाडीजवळ जा, बटण दोनदा दाबा. इतर कंपन्यांच्या मर्यादा कमी-जास्त असतात, तत्त्व हेच.

ही मोजणी न पुसल्या जाणाऱ्या मेमरीत असते. त्यामुळे सेल बदलला म्हणून चावी पुन्हा प्रोग्रॅम करावी लागते, हा समज बहुतेक गाड्यांबाबत चुकीचा आहे. नुसता सेल बदलून कुणी प्रोग्रॅमिंगचे पैसे मागितले, तर आधी बटण दाबून बघा.

अभेद्य मात्र काहीच नसतं. २०१५ मध्ये सॅमी कामकर या अमेरिकन संशोधकाने सुमारे ३२ डॉलरच्या सुट्या भागांतून एक डबी बनवली. मालकाने बटण दाबलं की ती संदेश टिपून ठेवते आणि त्याच वेळी गाडीचे कान बंद करते. मालक पुन्हा दाबतो. डबी दुसरा संदेशही टिपते आणि गाडीला पहिला पाठवते. गाडी उघडते, मालक खूश. न वापरलेला दुसरा संदेश डबीत शिल्लक.

गावातल्या साऱ्या चाव्या बंद!

२०१९ च्या वसंतात अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या नॉर्थ ओल्मस्टेड गावाच्या एका भागात विचित्र प्रकार सुरू झाला. लोकांच्या गाड्यांचे रिमोट चालेनात, गॅरेजची दारं उघडेनात. सेल बदलले, गाड्या सर्व्हिसिंगला गेल्या, फरक शून्य. तीच गाडी चार गल्ल्या पलीकडे नेली की रिमोट ठणठणीत. आठवडे गेले. वीज कंपनीने आपली यंत्रणा तपासली. शेवटी एक नगरसेवक आणि काही हौशी तंत्रज्ञ यंत्र घेऊन गल्लीबोळ फिरले आणि ३१५ मेगाहर्ट्झवर अखंड ओरडणारा संदेश शोधत एका घरापाशी पोचले. तिथल्या रहिवाशाला इलेक्ट्रॉनिक्सचा छंद. तळघरात काम करताना वरच्या मजल्यावर कुणी आलं तर कळावं, म्हणून त्याने घरीच एक सूचक बनवला होता. तो बॅटरीवर सतत संदेश सोडत होता. आपल्या या निरुपद्रवी यंत्राने अख्ख्या वस्तीच्या चाव्या गप्प केल्यात, याची त्या बिचाऱ्याला गंधवार्ताही नव्हती.

यातून आपल्या कामाचं असं: चावी एकाच जागी रुसत असेल आणि इतरत्र नीट चालत असेल तर दोष चावीत नाही, त्या जागेच्या हवेत आहे. गाडीला खेटून बटण दाबा, नाहीतर सरळ किल्लीचं पातं वापरा.

फॉरवर्ड आणि हनुवटी

चावी गाडीत अडकली? घरच्यांना फोन लावा, त्यांना दुसऱ्या चावीचं बटण फोनजवळ दाबायला सांगा, आपला फोन गाडीजवळ धरा, दार उघडेल: हे फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतंय. साफ खोटं आहे. फोन आवाज वाहून नेतो, चावी रेडिओ लहरी सोडते.

उलट, चावी हनुवटीला टेकवून बटण दाबलं की ती अधिक लांबून चालते, हे ऐकायला थाप वाटेल पण खरं आहे. डोक्यातल्या पाण्यामुळे शरीर अँटेनाला हातभार लावतं आणि काही मीटरचा पल्ला वाढतो. मॉलच्या पार्किंगमध्ये गाडी सापडत नसेल तेव्हा करून बघा.

बटण दाबलं, काहीच झालं नाही

अशा वेळी घाबरून टो व्हॅन बोलावण्याआधी क्रम पाळा. सगळ्यात आधी दुसरी चावी. ती चालली तर रोग पहिल्या चावीत, आणि बहुतेक वेळा सेलमध्ये. दोन्ही चालत नसतील तर संशय गाडीकडे वळवा: गाडीची मोठी बॅटरी उतरली असेल तर चावी कितीही धडधाकट असो, तिचं ऐकायला कुणी जागंच नसतं. आतला दिवा लागतो का, हॉर्न वाजतो का ते बघा.

सेल बऱ्याच चाव्यांत सीआर २०३२ असतो. या आकड्यांत मापच लिहिलेलं आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. सीआर २०२५ तेवढाच रुंद, पण जाडी २.५. दुकानदाराने ‘चालेल हो’ म्हणून पातळ सेल दिला तर तो आत सैल बसतो आणि चावी मध्येच दगा देते. जुन्यावरचा आकडा वाचून तोच घ्या. सेल बदलूनही काही नाही, तर आतल्या पितळी पट्ट्या काळवंडल्यात का, दबल्यात का, बटणाखालची चकती सुटली आहे का, हे पाहा. चकती सुटणं ही नेहमीची तक्रार आहे आणि मोबाइल दुरुस्तीवाला ती डाग देऊन बसवू शकतो.

पुश-बटणवाल्या गाड्यांत ‘की नॉट डिटेक्टेड’ असा संदेश आला की लोकांचा धीरच सुटतो. या चाव्यांना गाडी दारापाशी कमी फ्रिक्वेन्सीची हाक मारते आणि चावी उत्तर देते. चावी मोबाइलला चिकटून किंवा चार्जरशेजारी ठेवलेली असेल तर ही हाक विरून जाते. आधी दोघांना वेगळं करा. सेल पूर्ण संपला असेल तरी मार्ग आहे. चावीच्या पोटातून धातूचं पातं ओढून काढा. दाराच्या हँडलला कुलपाचं भोक दिसत नसेल तर ते बऱ्याच गाड्यांत हँडलच्या टोकाच्या झाकणाखाली लपलेलं असतं. आत बसा, ब्रेक दाबा आणि चावीनेच स्टार्टचं बटण दाबा. आतल्या चिपला सेल लागत नाही, हे वर आलंच आहे. काही गाड्यांत बटणाऐवजी एखादा कप्पा किंवा खाच ठरलेली असते. ती मॅन्युअलमध्ये एकदा शोधून ठेवा, तेही दिवसाउजेडी.

सेल बदलताना जुना टेबलावर सोडू नका. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. शंका जरी आली तरी ओकारी काढायला लावू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

चोर आपल्या खिशातली चावी लांबवत नाही

बटण न दाबता चालणाऱ्या चावीची सोय हाच तिचा कच्चा दुवाही आहे. २०११ मध्ये झ्युरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर एक प्रयोग केला. एकाने अँटेना गाडीजवळ धरायची, दुसऱ्याने चावीच्या मालकाजवळ. गाडीची हाक दूरवर पोचवायची, चावीचं उत्तर परत आणायचं. दहाही गाड्या फसल्या, उघडल्या आणि चालूही झाल्या. यात कोड फोडावा लागत नाही. खरी चावी खऱ्या गाडीशीच बोलत असते, फक्त लांबून.

उपाय स्वस्त आहे. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, किंवा सिग्नल अडवणारा पाऊच. पण विकत घेतलेल्या पाऊचवर विश्वास टाकण्याआधी चावी त्यात घालून गाडीपाशी जा आणि हँडल ओढून बघा. दार उघडलं तर पाऊच परत करा. चांगल्या कंपन्यांनी काही चाव्यांत हालचाल ओळखणारा सेन्सर घातला आहे. चावी टेबलावर पडून राहिली की झोपी जाते. आणि नव्या पिढीच्या अल्ट्रा-वाइडबँड चाव्या संदेशाला लागलेला वेळ मोजतात. रेडिओ लहर एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सेंटिमीटर जाते, तेव्हा लांबून आलेलं उत्तर उशिरामुळे लगेच पकडलं जातं. जॅग्वार लँड रोव्हरने २०१८ मध्ये अशी चावी आणली.

चोरांनीही मग वाट बदलली. २०२३ मध्ये ब्रिटनमधून उघड झालेल्या एका प्रकरणात चोरांनी टोयोटाचा हेडलाइट उचकटून तिथल्या वायरीतून गाडीच्या अंतर्गत जाळ्यात ‘चावी बरोबर आहे’ असा खोटा संदेश सोडला होता. यंत्र लपवलं होतं ते छोट्या ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात! अशा वेळी स्टिअरिंगला लावायचं जुनं लोखंडी कुलूपच चोराला थोपवतं. ते गावठी दिसतं म्हणून काढून टाकू नका.

कपाटातली दुसरी

गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दावा करताना सगळ्या मूळ चाव्या मागते. एक हरवली असेल आणि त्याची पोलिसांत नोंद नसेल तर प्रश्नांची सरबत्ती होते, दावा अडकतो. म्हणून चावी हरवली की त्याच दिवशी हरवल्याची तक्रार नोंदवा आणि ती चावी गाडीच्या मेमरीतून पुसून घ्या. विम्याबरोबर चावी बदलून देणारं जोड-संरक्षण मिळतं, नूतनीकरणाच्या वेळी त्याची चौकशी करा. नव्या गाडीबरोबर चावीच्या क्रमांकाचं छोटं धातूचं लेबल येतं. ते जुडग्यात लटकवून ठेवायचं नसतं, घरात कागदपत्रांबरोबर ठेवायचं असतं. त्या क्रमांकावरून चावी कापता येते.

एक चावी हातात असताना दुसरी बनवणं सोपं आणि स्वस्त. शेवटची चावी हरवल्यावर मात्र गाडी उचलून न्यावी लागते, कोड काढावा लागतो, कधी कधी मोड्यूलच बदलावं लागतं, आणि बिल कित्येक पटींनी फुगतं. तेव्हा या रविवारी कपाटातली दुसरी चावी काढा, तिच्यात नवा सेल घाला, तिने दार उघडून बघा आणि इंजिनही सुरू करून बघा. दोन्ही, कारण एकाने दुसऱ्याची खात्री होत नाही.